रूळ नसलेल्या तालुक्यातून इंजिनाकडे

आमच्या आंबेगाव तालुक्यात आगगाडीचे रूळ नाहीत. शेजारच्या जुन्नर तालुक्यातही नाहीत. घोडनदी आहे, कुकडी आहे, धरणे आहेत. डिंभ्याच्या धरणात तर जुने आंबेगाव गावच बुडाले आणि तालुक्याची कचेरी घोडेगावात राहिली. ऊस आहे, कांदा आहे, नारायणगावचा टोमॅटोचा बाजार आहे. परंतु आगगाडी पाहायची तर पुणे गाठावे लागते, नाहीतर माळशेज घाट उतरून कल्याण.

तरीही आमच्या घरात आगगाडी होती. आमचे आबा रेल्वेच्या गँगमध्ये होते. महिन्या-दीड महिन्याने ते घरी येत, तेव्हा त्यांच्या खाकी कपड्यांना वंगणाचा आणि लोखंडाचा वास येई. आम्ही भावंडे त्या वासालाच रेल्वे म्हणत असू. आबा अगोदर गँगमन होते, पुढे की-मन झाले. रोज सकाळी खांद्यावर हातोडा आणि पाना घेऊन ठरलेल्या टप्प्यातले रूळ पायी तपासायचे, सुटलेली चावी ठोकून बसवायची. त्या रुळांवरून लाखो माणसे गेली. पण इंजिनात चढून आत काय असते ते पाहण्याचा योग आबांना सबंध नोकरीत आला नाही.

त्या आबांची नात, म्हणजे आमच्या जुन्नरच्या आक्काची मुलगी, असिस्टंट लोको पायलट म्हणून निवडली गेली. साध्या भाषेत सहायक इंजिनचालक. तिला प्रशिक्षणासाठी भुसावळला हजर व्हायचे होते. तिला कल्याणला गाडीत बसवून देण्यासाठी आम्ही सगळे निघालो. त्या प्रवासाची ही हकिगत वाचक बंधुभगिनींना सांगावी असे वाटले, कारण आपल्या वस्त्यांतून आयटीआय करून बसलेली पुष्कळ मुले-मुली आहेत.

घोडेगाव ते जुन्नर

आई, आबा आणि आम्ही घोडेगावहून एस.टी.ने मंचर आणि मंचरहून पुणे-नाशिक रस्त्याने नारायणगाव असे निघालो. थंडीचे दिवस होते. खिडकीतून ऊसतोडीचे तांडे दिसत होते. नारायणगावच्या अलीकडे आबांनी विचारले, "इथून रेल्वे जाणार होती ती कुठून रे?"

प्रश्न बरोबर होता. पुणे-नाशिक रेल्वेची चर्चा या भागात अनेक वर्षे चालली. चाकण, राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव, संगमनेर, सिन्नर अशी सुमारे २३५ किलोमीटरची ही दुहेरी मार्गाची रेल्वे व्हायची होती. मोजणीचे दगड बसले, जमिनींचे भाव वाढले. परंतु नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही जगप्रसिद्ध रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत तिच्या. दूर आकाशातून येणाऱ्या अतिशय क्षीण रेडिओ लहरी ती ऐकते. विजेवरची गाडी जवळून धावली, की इंजिनाच्या माथ्यावरचा पँटोग्राफ आणि तार यांत ठिणग्या उडतात. त्यांच्या रेडिओ गोंगाटात या लहरी बुडून जातात. हा आक्षेप निघाला आणि २०२५ साली रेल्वेमंत्र्यांनी हा मार्ग बाजूला ठेवून अहिल्यानगर-शिर्डीकडून नेण्याची योजना पुढे आणली.

आबा म्हणाले, "म्हणजे आकाशातलं ऐकायचं म्हणून आपल्याकडं गाडीची शिट्टी नाही."

गाडीत सगळे हसले. पण मागच्या बाकावरच्या एका कांदा व्यापाऱ्याला हसू आले नाही, कारण त्याला माल ट्रकनेच न्यावा लागतो. विज्ञान हवे आणि रेल्वेही हवी. दोन्हींचा मेळ घालणे हे सरकारचे काम आहे. मात्र एक गोष्ट आम्ही मनाशी नोंदवली. रूळ गावात यायची वाट पाहत बसलो, तर आमच्या पोरांचे वय निघून जाईल. रूळ येत नसतील तर पोरांनी रुळांकडे गेले पाहिजे.

ज्यांची नावे खडकावर आहेत

रात्री जुन्नरला आक्काकडे मुक्काम केला. दाजी नारायणगावच्या बाजारात टेम्पो चालवतात. मुलगी रेल्वेत लागली याचा आनंद त्यांना होता, पण जेवताना मनातले बाहेर आलेच. "रात्री-अपरात्रीची ड्युटी. पोरीच्या जातीला झेपेल का? सोयरीक कोण करणार?"

भाची म्हणाली, "पप्पा, बिबट्याच्या तालुक्यात वाढलेय मी. पहाटे उसाच्या कडेनं बॅटरी घेऊन क्लासला जात होते. तेव्हा नाही विचारलं."

दाजी गप्प झाले. आक्काने त्यांना आणखी एक भाकरी वाढली.

सकाळी कल्याणच्या गाडीला वेळ होता, म्हणून लेण्याद्रीला गेलो. आईचे गुडघे दुखतात, तरी ती तीनशेच्या आसपास पायऱ्या बसत-उठत चढली. वर कुकडीच्या खोऱ्याचे विस्तीर्ण दृश्य दिसते. ओळीने खोदलेल्या ३० बौद्ध लेण्यांपैकी सहावे लेणे चैत्यगृह आहे. आत स्तूप आहे. तिथे पंचशील घेतले. बाहेर कोरलेल्या लेखात हे चैत्यगृह दान देणाऱ्याचे नाव आहे, कल्याणच्या सोनाराचा मुलगा सुलसदत्त. सातवाहनांच्या काळात कल्याण बंदरातून नाणेघाट चढून व्यापारी जुन्नरला येत. दोन हजार वर्षांपूर्वी कल्याणच्या माणसाने जुन्नरला चैत्य दिला आणि आज जुन्नरची मुलगी कल्याणच्या वाटेने निघाली होती.

जुन्नरच्या लेण्यांत आणखी एक लेख आहे. त्यात बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींची नावे आहेत. श्रेणी म्हणजे कारागिरांचे संघ. आम्ही हे सांगत होतो तेव्हा आबा खडकावरची छिन्नीची खूण बोटाने चाचपत होते. ते म्हणाले, "इथं बांबूवाल्याचंही नाव हाय. आमच्या घाटात बोगदे खोदणाऱ्यांतलं एक नाव कुठं वाचलं नाही."

बोरघाटाची रेल्वे १८६३ साली सुरू झाली. तो घाट फोडताना हजारो मजूर साथीच्या रोगांनी आणि अपघातांनी मेले. बोगदे आजही वापरात आहेत. आबांचे म्हणणे खरे आहे.

परीक्षा कशी असते

जुन्नर सोडून एस.टी. मढ, खुबी फाट्यावरून माळशेजला आली. वाटेत पिंपळगाव जोग्याचे पाणी चमकत होते. घाटातल्या वळणांवर आईने डोळे मिटले. आम्ही भाचीला म्हटले, "तू कशी निवडली गेलीस ते एकदा नीट सांग. आम्हाला लिहायचे आहे."

तिने सांगितले ते असे. दहावी आणि ठरलेल्या शाखांतील आयटीआय, किंवा अभियांत्रिकीची पदविका वा पदवी असली, तर अर्ज करता येतो. तिने इलेक्ट्रिशियनचा आयटीआय केला होता. २०२४ च्या भरतीत वयाची अट १८ ते ३३ होती आणि २०२५ च्या भरतीत १८ ते ३०. अनुसूचित जातीला ५ वर्षे अधिक मिळतात. पहिली परीक्षा ७५ प्रश्नांची, एका तासाची. दुसरीत दोन भाग असतात, १०० प्रश्नांचा सामान्य आणि ७५ प्रश्नांचा आपापल्या शाखेचा. प्रश्नपत्रिका मराठीतही मिळते. चुकीच्या उत्तराला एकतृतीयांश गुण कापतात, म्हणून अंदाजपंचे ठोकायचे नाही. अनुसूचित जातीच्या उमेदवाराची २५० रुपये फी पहिल्या परीक्षेला बसल्यावर परत मिळते.

त्यानंतर संगणकावर अभियोग्यता चाचणी होते. तिला सीबॅट म्हणतात. नजर किती चटकन टिपते, लक्ष किती वेळ टिकते, गडबडीत निर्णय चुकतो का, हे तीत पाहतात. तिचे पाच भाग असतात आणि प्रत्येक भागात किमान ४२ टी-गुण लागतात. हे ४२ सर्वांना सारखे. राखीव असो, खुला असो, सवलत नाही.

हे ऐकून आम्हाला आमच्या कचेरीतला एक प्रसंग आठवला. आम्ही पेढे वाटले, तेव्हा एका सहकाऱ्याने पेढा तोंडात टाकून विचारले होते, "कोट्यातून का?" आम्ही त्या दिवशी नुसतेच हो म्हणालो होतो. आज उत्तर देता आले असते. लेखी परीक्षेच्या पात्रतेत सवलत आहे आणि ती बाबासाहेबांनी घटनेतून मिळवून दिलेली आहे, तिची लाज नाही. पण इंजिनात बसवताना नजर आणि मेंदू सर्वांचा एकाच मापाने मोजतात. पेढा खाणाऱ्याने गाडीत निर्धास्त झोपावे.

कागदांविषयीही सांगितले पाहिजे. राज्य सरकार आपल्याला सवलती आधीपासून देत होते, पण केंद्राच्या नोकऱ्यांत बौद्धांना अनुसूचित जातीचा हक्क १९९० च्या दुरुस्तीनंतर मिळाला. रेल्वे केंद्राची आहे. म्हणून जातीचा दाखला केंद्र सरकारच्या नमुन्यातच हवा. भाचीने राज्याचा दाखला तयार ठेवला होता, केंद्राचा नव्हता. कागदपत्रे तपासणीच्या तोंडावर धावपळ झाली. कागदाची सवय असलेल्या आमच्यासारख्या कारकुनाच्या घरात हे घडले, तर इतरांचे काय? जाहिरात येण्यापूर्वीच हा दाखला काढून ठेवा.

आणि डोळे. चालकाला रेल्वेची सर्वांत कडक, ए-वन दर्जाची वैद्यकीय तपासणी असते. चष्म्याविना दोन्ही डोळ्यांनी पूर्ण दिसले पाहिजे, रंग अचूक ओळखता आले पाहिजेत. लेझरने नंबर घालवलेला चालत नाही. आक्काच्या वस्तीतला एक गुणी मुलगा सगळ्या परीक्षा पास झाला आणि रंगाच्या तपासणीत अडकला. त्याला हिरवा आणि लाल यांत गोंधळ होतो, हे तोवर घरात कोणालाच माहीत नव्हते. तीन वर्षांचा अभ्यास वाया गेला. शंभर-दोनशे रुपयांत डोळ्यांचा डॉक्टर जे सांगतो, ते अर्ज भरण्यापूर्वी विचारा.

कल्याणच्या फलाटावर

टोकावडे, मुरबाड करीत दुपारी कल्याणला पोहोचलो. आबांच्या ओळखीचे एक निवृत्त चालक तिथे राहतात. तेही आपल्यातलेच. फलाटावर भेटायला आले, सगळ्यांना जयभीम केला आणि भाचीशेजारी बाकावर बसले. समोरून एक मालगाडी जात होती. संपता संपेना.

"मोजलेस?" त्यांनी विचारले.

"अठ्ठावन्न," भाची म्हणाली.

"शाबास. भरलेली असली तर असली गाडी पाच हजार टनांच्या घरात जाते. ब्रेक लावला म्हणून जागच्या जागी थांबत नाही, किलोमीटरभर जाते. टेम्पो आणि इंजिन यांत हा फरक. आपण समोरचे पाहून थांबत नाही, सिग्नलचे ऐकून थांबतो."

दाजींनी हे लक्ष देऊन ऐकले.

मग त्यांनी पुढचे सगळे समजावले. भुसावळच्या संस्थेत आधी नियमांचे पुस्तक. हिरवा म्हणजे जा. दोन पिवळे म्हणजे सावध हो. एक पिवळा म्हणजे पुढच्या सिग्नलला थांबायच्या तयारीने जा. लाल म्हणजे थांब. ऐकायला सोपे, पण पावसात, धुक्यात, पहाटे तीनला ते सोपे राहत नाही. म्हणून चालक आणि सहायक दोघांनीही प्रत्येक सिग्नल हात करून मोठ्याने म्हणायचा. एकाने पाहिले आणि दुसऱ्याने गृहीत धरले, असे चालत नाही. इंजिनाचे भाग, ब्रेकची हवा, बिघाड शोधणे, सिम्युलेटरवरचा सराव हेही सर्व शिकवतात. त्यानंतर प्रत्यक्ष मार्गावर जाणत्या चालकांबरोबर फेऱ्या करून रस्ता पाठ करायचा. कुठे चढ आहे, कुठे वळणाआड सिग्नल आहे, फाटक कुठे आहे, हे डोक्यात बसल्याशिवाय त्या मार्गावर गाडी देत नाहीत.

"नोकरीत रोज काय?" आम्ही विचारले.

"ड्युटीवर येताना तोंडात नळी धरून फुंकायचे. दारूचा अंश निघाला तर गाडी नाही. इंजिनात एक यंत्र असते. मिनिटभर चालकाने काहीच हालचाल केली नाही तर दिवा लागतो, मग भोंगा वाजतो, तरी दाद दिली नाही तर ब्रेक आपोआप लागतो. झोपेवर पहारा असतो तो. घाटात तर वेगळेच. इथून तुझी गाडी निघेल ती कसाऱ्याचा घाट चढेल. सदतीस फूट पुढे गेले की एक फूट चढ. कसाऱ्याला मागून जादा इंजिने लावतात, ती ढकलतात. उतरताना भीती अधिक. म्हणून घाटात चढावर नेऊन सोडलेले फाटे असतात, कॅच सायडिंग म्हणतात. गाडी ताब्यात आहे हे थांबून दाखवल्याशिवाय पुढचा रस्ता मिळत नाही. सुटलेली गाडी त्या फाट्यावर चढून थांबते."

त्यांनी त्रासही लपवला नाही. झोपेची वेळ ठरलेली नाही. सणावाराला घर नाही, रनिंग रूममध्ये परक्या गादीवर झोपायचे. नव्या इंजिनांत सोयी येऊ लागल्या आहेत, तरी पुष्कळ इंजिनांत अजून शौचालय नाही. बायकांना याचा जाच सर्वांत जास्त होतो. चालकांच्या संघटना त्यासाठी भांडत आल्या आहेत. सुरुवातीचे मूळ वेतन सातव्या आयोगाप्रमाणे १९,९०० रुपये, त्यावर महागाई भत्ता आणि धावल्या किलोमीटरचा भत्ता. सहायकापासून शंटिंग, मालगाडी, पॅसेंजर, मेल-एक्स्प्रेस अशी पायरीपायरीने बढती.

आईने मध्येच विचारले, "बाईमाणसानं चालवलीय का कधी?"

"मावशी, साताऱ्याच्या सुरेखा यादव. कऱ्हाडला विजेची पदविका घेतली आणि १९८६ साली याच कल्याणच्या रेल्वे शाळेत शिकायला आल्या. देशातल्या पहिल्या महिला चालक. मालगाडी चालवली, लोकल चालवली, घाटात चालवली. २०११ च्या महिलादिनी पुण्याहून डेक्कन क्वीन मुंबईला आणली. २०२३ ला सोलापूरहून वंदे भारत आणली. २०२५ च्या सप्टेंबरअखेर निवृत्त झाल्या."

आईने दाजींकडे पाहिले. दाजी म्हणाले, "मी कुठं काय बोललो?"

मनमाडवरून

गाडीला अर्धा तास उरला होता. आम्ही भाचीला एक गोष्ट सांगायची राखून ठेवली होती. तिची गाडी भुसावळच्या अगोदर मनमाडला थांबणार होती. त्याच मनमाडला १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ रोजी जी.आय.पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद भरली होती. बाबासाहेब अध्यक्ष होते. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, असे ते तिथे म्हणाले, हे आपण नेहमी सांगतो. पण त्याच भाषणात त्यांनी रेल्वेतल्या आपल्या माणसांचा हिशेबही मांडला होता. आपला माणूस गँगमन म्हणूनच राहतो. त्याला साधा हमालही करीत नाहीत, कारण स्टेशनमास्तर हमालाकडून घरकाम करून घेतो आणि अस्पृश्याला घरात कसे घेणार? कारखान्यातही कारागिराची जागा त्याला मिळत नाही.

"आबा त्यानंतर चाळीस वर्षांनी लागले," आम्ही म्हणालो, "तेही गँगमध्येच. त्यांच्या पहिल्या मुकादमाने पाण्याचा डबा वेगळा ठेवायला लावला होता. आता तू इंजिनात चाललीस. मनमाड आले की खिडकीतून बघ."

भाचीने मान हलवली. तिचे डोळे भरले होते. आक्काने तिच्या पिशवीत भाकऱ्या, शेंगदाण्याची चटणी आणि बाबासाहेबांचा लहान फोटो ठेवला होता, तो पुन्हा एकदा हात लावून पाहिला.

गाडी आली. सामान चढवले. आबा एवढा वेळ फारसे बोलले नव्हते. ते खिडकीजवळ गेले आणि गज धरून उभे राहिले.

"पोरी, एक ऐक. धुक्याच्या दिवसांत आमच्या गँगचा एक माणूस गेला होता. वळणावर हातोडा मारत होता. हातोड्याच्या आवाजात त्याला इंजिन ऐकू आलं नाही. माझ्यापासून वीस पावलांवर." ते थांबले. "तू मोठी चालक होशील, न होशील. पण रुळावर गँग दिसली, की शिट्टी लवकर वाजव. आणि दिसली नाही तरी वळणावर वाजव. तिथं कुणीतरी असतंच."

"वाजवीन आबा," ती म्हणाली.

गाडी हलली. कसाऱ्याच्या दिशेने शेवटचा डबा दिसेनासा होईपर्यंत आबा फलाटाच्या टोकाला उभे होते. दाजींनी त्यांचा हात धरून त्यांना बाकापर्यंत आणले.

परतीच्या एस.टी.त माळशेज चढताना अंधार झाला होता. दाजी आमच्याशेजारी बसले होते. बराच वेळ गप्प राहून त्यांनी विचारले, "भावजी, वस्तीतली अजून चार पोरं आहेत आयटीआय झालेली. एखाद्या रविवारी विहारात बोलावू का? तुम्ही कागदाचं सांगा, पोरगी सुट्टीला आली की परीक्षेचं सांगेल. डोळ्यांच्या डॉक्टरला मी टेम्पोतून आणतो."

पुढच्या पौर्णिमेला वंदनेनंतर ती बैठक ठरली आहे. आपापल्या विहारात अशी एक बैठक आपणही घ्यावी, एवढीच विनंती.

जयभीम.